हमीपत्र कोणी कोणाला द्यायचं?

“स्पर्धेच्या अथवा प्रवासाच्या काळात माझ्या पाल्यास कोणतीही इजा झाल्यास त्यास शाळा, आयोजक वा मार्गदर्शक जबाबदार राहणार नाहीत, याची मला पूर्ण जाणीव आहे.” शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण तालुक्याच्या खो-खो स्पर्धेपासून शहरातल्या महागड्या फुटबॉल अकादमीपर्यंत या मजकुराचा कागद खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या घरी येऊन जातो. शाळेच्या गेटवर, गाडीच्या सीटवर कागद ठेवून आई किंवा वडील सही करतात. सही केली नाही तर मुलाचं नाव संघातून जाईल, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. कोण जबाबदार नाही याची यादी त्या कागदावर असते. कोण जबाबदार आहे हे सांगणारा कागद अख्ख्या स्पर्धेत शोधून सापडत नाही.

या सहीला कायद्यात फारसं वजनही नाही. पालकांनी लिहून दिलं म्हणून निष्काळजीपणाचा गुन्हा पुसला जात नाही. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तरीही हा कागद दरवर्षी छापला जातो, कारण त्याचं खरं काम न्यायालयात नसून घरात आहे. मूल जखमी झालं की ‘सही तर आपणच केली होती’ असं वाटून पालक गप्प बसतात. आयोजकाचीही त्यात फसगत होते. कागद गोळा केले म्हणजे काळजी घेतली, असं तोही प्रामाणिकपणे समजून चालतो.

आमचं म्हणणं असं की हमीपत्राची दिशा उलटी करावी. जो मुलांना मैदानावर बोलावतो, त्यांच्याकडून प्रवेश फी घेतो आणि त्यांच्या जोरावर चषक मिरवतो, त्याने पालकांना लिहून द्यावं की या मुलासाठी आम्ही काय काय केलं आहे आणि कोणी केलं आहे. अशा कागदावर काय लिहिलेलं असावं, हे पाहण्याजोगं आहे. खेळात पडझड होणारच, गुडघे फुटणारच. पण ज्या इजा आयुष्यभर पुरतात किंवा जीव घेतात, त्यांतल्या कितीतरी आधी दिसत असतात आणि त्या बघणं कोणाचंच काम नसतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणात एकाच आठवड्यात दोन किशोरवयीन बास्केटबॉलपटू गेले. एक रोहतक जिल्ह्यातल्या लाखन माजरा गावचा, १६ वर्षांचा. दुसरा बहादूरगडचा, १५ वर्षांचा. दोघांच्याही अंगावर बास्केटचा लोखंडी खांब कोसळला. बास्केटबॉल धोक्याचा खेळ आहे, असं यावरून कोणी म्हणणार नाही. खांब जिथे सिमेंटच्या ओट्यात शिरतो तिथे पावसाचं पाणी मुरतं, वरचा रंग शाबूत राहतो आणि आतून लोखंड पापुद्र्यासारखं होत जातं. ओट्यालगतचा रंग खरवडून हातोडीने ठोकलं की आवाजावरूनच कळतं. बुंध्याचे नटबोल्ट गंजून झिजले आहेत का, वेल्डिंगला भेग आहे का, हे डोळ्यांनी दिसतं. मग वरच्या बाजूला दोर बांधून दोन मोठ्या माणसांनी लांबून ओढून पाहायचं आणि बुंधा जरा जरी हलला तरी मैदान बंद करून खांब उतरवायचा. फुटबॉलचे सुटे गोलपोस्ट त्याच जातीचे. त्यांच्या मागच्या नळीवर वाळूची पोती हवीत किंवा ती जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधलेली हवी, कारण आडव्या बारला लोंबकळणं हा मुलांचा जन्मसिद्ध हक्क आहे. एवढ्याला अर्धा तास लागतो. हमीपत्राची पहिली ओळ म्हणून तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्याचं नाव एवढंच लिहायचं आहे.

मुंबईच्या मैदानांचं दुखणं वेगळं आहे. आझाद मैदान असो की क्रॉस मैदान, तिथे सामने एकमेकांत घुसलेले असतात. एका सामन्याचा सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पॉइंटच्या पाठीशी उभा असतो. परंपरा म्हणून याचं कौतुक होतं. जानेवारी २०२४ मध्ये माटुंग्याच्या दडकर मैदानावर क्षेत्ररक्षण करणाऱ्या ५२ वर्षांच्या खेळाडूच्या डोक्याला शेजारच्या सामन्यातला चेंडू लागला आणि त्यांचा मृत्यू झाला. असल्याच मैदानांवर सकाळी दहा-बारा वर्षांची मुलं कातडी चेंडूने खेळत असतात. एका वेळी किती खेळपट्ट्यांवर सामने लावायचे हे ठरवायला तज्ज्ञ समिती लागत नाही.

चेंडू लागतो तो निदान सगळ्यांना दिसतो. वेगवान गोलंदाजाची पाठ मोडते ती दिसत नाही. तेरा ते सोळा या वयात मुलाची उंची वर्षाला आठ-दहा सेंटीमीटरने वाढू शकते. हाडं लांबतात, पण त्यांचा घट्टपणा मागाहून येतो. नेमका तेव्हाच त्याचा वेग वाढतो, सर खूश होतात आणि चेंडू त्याच्याच हातात राहतो. पुढचा पाय आपटताना पाठ मागे वाकते, एका अंगाला झुकते आणि पिळली जाते. तो सगळा ताण कमरेतल्या खालच्या मणक्यांच्या एका चिंचोळ्या हाडावर येतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या बाबतीत हे बहुधा डाव्या बाजूला घडतं. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच हे. सुरुवातीची चीर साध्या एक्स-रेत सहसा सापडत नाही, एमआरआयमध्ये सापडते. कमरेच्या एकाच बाजूला दुखणं आणि मागे वाकलं की कळ येणं, ही त्याची खूण. वाढत्या वयाच्या गोलंदाजाने ही तक्रार केली की त्या दिवसापासून गोलंदाजी बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे रवानगी. ‘स्प्रे मार, दोन ओव्हर टाक, मोकळी होईल’ असं म्हणणारा सर त्या मुलाचा अख्खा हंगाम, कधी त्याची गोलंदाजीच, घालवून बसलेला असतो. जसप्रीत बुमराला २०१९ मध्ये पाठीच्या अशाच फ्रॅक्चरने ग्रासलं आणि २०२३ मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच्या मागे फिजिओंचा ताफा होता. शाळेच्या मुलामागे जास्तीत जास्त त्याची आई असते, तीही डबा घेऊन.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वर्षानुवर्षं यासाठी एक साधं कोष्टक वापरलं. १३ वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाने सलग ५ षटकं आणि दिवसभरात १०, १४ आणि १५ वर्षांच्याने सलग ६ आणि दिवसात १२, १६ ते १९ वर्षांच्याने सलग ७ आणि दिवसात १८. एक स्पेल संपला की त्याने टाकली तितकी षटकं त्याच टोकाकडून होईपर्यंत चेंडू पुन्हा त्याच्या हाती द्यायचा नाही. कोष्टक छापून भिंतीवर लावणं सोपं आहे. आपल्याकडे घोडं अडतं ते बेरजेत. मुंबईच्या शालेय क्रिकेटमधली गाइल्स किंवा हॅरिस शील्ड खेळणारा मुलगा शाळेकडून टाकतो, रविवारी क्लबकडून टाकतो, संध्याकाळी अकादमीच्या नेटमध्ये टाकतो आणि मधेच निवड चाचणी आली की तिथे जीव तोडून टाकतो. चार ठिकाणी चार सर, आणि प्रत्येकाच्या हिशेबात त्याने ‘फक्त आठच ओव्हर’ टाकलेल्या. म्हणून वही मुलाच्या किटबॅगेत हवी. त्यात रोजचे चेंडू, नेटमधले धरून, आणि महिन्यातून एकदा त्याच भिंतीला उभं राहून मोजलेली उंची. जो सर चेंडू देणार त्याने आधी मागच्या सात दिवसांचा आकडा वाचायचा. दिवाळीच्या सुट्टीत तीन आठवडे आराम आणि परत आल्याबरोबर दिवसाला पंधरा षटकं, अशी उडीच सगळ्यात जास्त नडते. उंची भराभर वाढत असेल तर तेवढे महिने षटकं कमी. वर्षभर एकच खेळ खेळणाऱ्या कोणत्याही मुलासाठी क्रीडावैद्यक मंडळी एक ढोबळ माप सांगतात, तेही त्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहावं: आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षातले दोन-तीन महिने त्या खेळापासून लांब.

जोडी कोणाशी लावली हादेखील सुरक्षेचाच प्रश्न आहे, पण आपण त्याकडे विक्रमांच्या चष्म्यातून पाहतो. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या शालेय सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या आणि जगभर नाव झालं. त्याचं कौतुक योग्यच होतं. पण तोच धावफलक उलटा वाचून पाहा. समोरच्या शाळेने १४६५ धावा होईपर्यंत गोलंदाजी केली आणि स्वतः ३१ आणि ५२ धावांत बाद झाली. ताकदीत एवढी तफावत दिसत असताना सामना मात्र कोणीच थांबवला नाही. वयचोरीकडेही याच नजरेने बघायला हवं. क्रिकेट मंडळ मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतं, ते कनिष्ठ गटाच्या निवडीत न्याय व्हावा म्हणून. गावातल्या चौदा वर्षांखालच्या कबड्डीत मात्र मिशी फुटलेला गडी चढाईला येतो आणि पकडीत सापडलेल्या पोराचा गुडघा फिरतो, तेव्हा जन्मदाखल्यातली खाडाखोड हा फसवणुकीपुरता मामला राहत नाही.

वजनाबद्दल बोलायला तालमीत कोणी तयार नसतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅम जास्त भरली, तेव्हा रात्रभर घाम काढणं म्हणजे काय ते घरोघरी कळलं. पण हे आपल्याकडे चौदा-पंधरा वर्षांची मुलंही करतात, आणि केवळ कुस्तीतच नाही. किशोर आणि कुमार गटाच्या कबड्डीला वजनाची अट असते. आदल्या दिवशी दोन जर्किन घालून भर उन्हात धावणारी, पाणी तोडलेली, तोंडात लिंबू धरून थुंकत बसलेली पोरं वजनकाट्याच्या रांगेत सहज सापडतील. पाणी तोडून उतरवलेलं वजन चरबीचं नसतं. रक्त दाटतं, मूत्रपिंडावर ताण येतो, घाम आटल्याने शरीर तापलेलंच राहतं, आणि त्या अवस्थेत दोन तासांनी हृदयाकडून कुस्ती मागायची. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस काही आठवड्यांच्या अंतराने तीन महाविद्यालयीन मल्ल असेच वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथे रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली आणि मल्लाचा किमान वजनगट हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवायची पद्धत पडली. शालेय गटासाठी मुलाच्या अंगातली चरबी ७ टक्क्यांच्या आणि मुलीची १२ टक्क्यांच्या खाली जाईल असा वजनगट घेता येत नाही, आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त उतरवता येत नाही, आणि हे सगळं मोजण्याआधी लघवीचा दाटपणा तपासून मूल पाणी पिऊन आलं आहे याची खात्री करतात. दाटपणा मोजणारं यंत्र खिशात मावतं. आपल्या जिल्हा संघटनांनी एवढं एकदम नाही केलं तरी एक करता येईल: हंगाम सुरू होताना सगळ्यांचं वजन नोंदवायचं आणि त्यापेक्षा दोन गट खाली कोणालाही उतरू द्यायचं नाही. वस्तादाला हे आवडणार नाही. खालच्या गटातलं पदक सोपं असतं ना.

उन्हाचं तसं कोणालाच नवल नाही, म्हणूनच ते जास्त घातक. विदर्भात पारा चव्वेचाळीसवर असताना उन्हाळी शिबिरं चालतात. कोकणपट्टीत पारा कमी दिसतो पण हवेत ओल इतकी की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. खारघरला एप्रिल २०२३ च्या जाहीर कार्यक्रमात १४ माणसं गेली तेव्हा पारा चाळिशीच्या खालीच होता. शिबिराचे पहिले दहा ते चौदा दिवस शरीराला ऊन अंगवळणी पाडायचे असतात. पहिल्या दिवशी अर्धाच सराव, मग रोज थोडा थोडा वाढवत न्यायचा. आपल्याकडे उलटं होतं, पहिल्याच दिवशी ‘स्टॅमिना बघू’ म्हणून दहा फेऱ्या. धावता धावता मूल अडखळू लागलं, असंबद्ध बोलू लागलं, चिडचिड करू लागलं की उष्माघात धरून चालायचं, अंगाला घाम असला तरीही. शरीराचं आतलं तापमान अशा वेळी ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि ते अर्ध्या तासात ३९ च्या खाली आणणं हाच उपचार आहे. सगळ्यात मोठी चूक होते ती मुलाला जीपमध्ये घालून तापलेल्या रस्त्याने तालुक्याच्या दवाखान्याकडे पळवण्याची. आधी थंड करायचं, मग हलवायचं. हौद किंवा मोठा टब असेल तर बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बसवायचं आणि डोकं धरून ठेवायचं. नसेल तर ताडपत्री. मुलाला तिच्यावर निजवून चौघांनी कडा उचलून खोळ करायची, तीत बर्फ आणि पाणी ओतून ते हलवत राहायचं. शिबिर असेल तिथे ताडपत्री असतेच. बर्फाची लादी सकाळीच आणून भुशात ठेवायची तेवढी.

डोक्याला मार लागला तर आपल्या मैदानांवर एकच उपचार माहीत आहे: तोंडावर पाणी मारून ‘बोटं किती सांग’. मुलाने बरोबर सांगितली की टाळ्या वाजतात आणि ते परत आत जातं. मेंदूला हादरा बसायला शुद्ध हरपावी लागत नाही. डोकं दुखणं, उजेड नकोसा होणं, मळमळ, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, नुसतं गप्प बसून राहणं, यातलं काहीही दिसलं तर ते मूल त्या दिवशी परत खेळणार नाही, मग सामना अंतिम का असेना. पहिला हादरा भरून निघायच्या आत दुसरा बसला तर कोवळा मेंदू सुजतो आणि ते जीवावर बेततं. ब्रिटनमध्ये २०२३ पासून स्थानिक पातळीच्या खेळांसाठी मार्गदर्शक सूचना अशी की हादऱ्यानंतर किमान २१ दिवस स्पर्धेत उतरायचं नाही. हा निर्णय प्रशिक्षकाकडे ठेवू नये, त्याला सामना जिंकायचा असतो. पालकांकडेही ठेवू नये, कारण निवड समिती कुंपणाबाहेर उभी असते. पंचाला किंवा वैद्यकीय माणसाला तो हक्क लेखी द्यावा, आणि बदली खेळाडूची सोय नियमात करावी. बदली मिळत नाही म्हणूनच तर मूल लपवतं.

मग प्रश्न उरतो मदत पोचण्याचा. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. ती येते, आणि मैदानाच्या गेटला साखळदंड असतो, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई चहाला. म्हणून आयोजकाच्या कागदावर मैदानाचा पत्ता खुणेसकट, कोणतं गेट उघडं राहणार, किल्ली कोणाकडे, गेटवर कोण उभं राहणार आणि सर्वांत जवळचं चोवीस तास चालणारं रुग्णालय कोणतं, एवढं असावं. हृदय अचानक बंद पडलं तर छाती दाबणं आणि विजेचा झटका यांच्याविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. छातीवर नेमक्या क्षणी आदळलेल्या चेंडूनेही निरोगी पोराचं हृदय थांबू शकतं. झटका देणारं यंत्र स्वतःच बोलून सूचना देतं, ते वापरायला डॉक्टर लागत नाही. उद्घाटनाचा मंडप आणि शाल-श्रीफळ यांच्यावरचा खर्च पाहिला तर हे यंत्र परवडत नाही, असं निदान चषकांच्या आयोजकांनी म्हणू नये.

इथवरचे नियम लागू कधी करायचे, यात एक मेख आहे. रुग्णवाहिका असते स्पर्धेच्या दिवशी. मूल पडतं सरावात. दहीहंडीने हे पुन्हा दाखवून दिलं. २०२२ मध्ये सरकारने तिला साहसी खेळाचा दर्जा दिला, गोविंदांना विमा दिला. १४ वर्षांखालील मुलांना थरांवर चढवणार नाही, असं राज्याने २०१७ मध्येच उच्च न्यायालयात सांगितलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये, सणाच्या काही दिवस आधी, दहिसरला सरावात वरच्या थरावरून पडून ११ वर्षांचा मुलगा गेला. सहाव्या थरावरच्या पोराचे पाय जमिनीपासून सहा-सात मीटरवर असतात. तिथून पडलेलं मूल ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने खाली येतं. गल्लीतल्या सरावात ना गादी, ना वरून सोडलेला दोर, ना हेल्मेट. या गोष्टी हंडीच्या दिवशी कॅमेऱ्यांसमोर येतात. वरच्या थराला हलकं पोर लागतं, हे गणित जोवर थरांच्या संख्येवर बक्षीस आहे तोवर बदलणार नाही. विमा तर पडल्यानंतरचा.

आता ज्याबद्दल हमीपत्रात चकार शब्द नसतो त्या इजेकडे येऊ. मुलाला खेळात सर्वांत खोल जखम माणसाकडूनच होते, आणि बहुधा ज्याच्यावर घरचे सर्वांत जास्त विश्वास टाकतात त्याच्याकडून. २०२३ मध्ये महिला कुस्तीपटू लैंगिक छळाविरुद्ध जंतरमंतरवर बसल्या तेव्हा उघड झालं की देशातल्या जवळपास निम्म्या राष्ट्रीय क्रीडा संघटनांकडे कायद्याने सक्तीची असलेली तक्रार समितीच धड नव्हती, आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला त्यांना नोटिसा पाठवाव्या लागल्या. त्या प्रौढ होत्या, पदकविजेत्या होत्या, तरी त्यांना फुटपाथवर बसावं लागलं. जिल्हा पातळीवरच्या चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात काय आहे? तिची निवड, तिचं प्रमाणपत्र, त्यावर मिळणारे दहावीचे सवलतीचे गुण आणि पुढे सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण, हे सगळं एका सराच्या किंवा संघटनेच्या एका सचिवाच्या सहीत अडकलेलं असतं. तक्रार केली की सही गेली. गुरूला देव मानणारी आपली रीत त्या सहीवर आणखी एक कुलूप लावते. मारणाऱ्या सराबद्दल ‘मारतात म्हणून तर पोरगं घडतं’ असं पालकच सांगतात. शाळेत शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून बंदी आहे आणि शाळेचं मैदान शाळेच्या बाहेर नसतं, हे कोणी बोलत नाही.

कायदा इथे अपुरा नाही. पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांमध्ये क्रीडा अकादमी हा शब्द स्पष्ट आहे. मुलांच्या नित्य संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कंत्राटी असो वा कायम, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी झालीच पाहिजे. एखादा प्रकार कळूनही पोलिसांना न कळवणं हाच पोक्सोच्या कलम २१ खाली गुन्हा आहे. साध्या माणसाला सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. तेव्हा ‘आधी आपण आपल्यात चौकशी करू’ म्हणणारा अध्यक्ष संस्थेची अब्रू वाचवत नसतो, गुन्हा करत असतो. तक्रार खोटी निघाली तरी मुलाला शिक्षा होत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. पालकांनी फी भरण्याआधी एवढंच विचारावं: तुमच्या सगळ्या सरांच्या पडताळणीचे कागद कुठे आहेत? हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस चिडतो की कपाट उघडतो, त्यावरून निम्मं कळतं.

रोजचे नियम यापेक्षाही सोपे आहेत. एका मुलासोबत एका मोठ्या माणसाने बंद दारामागे राहायचं नाही. वैयक्तिक सराव, मसाज, मापं घेणं, रागावणंसुद्धा, सगळं असं की बाहेरून दिसेल आणि कोणीही मधे येऊ शकेल. मसाज आणि पट्टी बांधण्याचं काम त्यातल्या जाणकाराने, दुसरं मोठं माणूस समोर असताना. मुलांशी फोनवरचे निरोप ज्या गटात पालक आहेत त्याच गटात, रात्री दहाला एकट्या मुलीला ‘झोपलीस का’ असा निरोप नाही. दौऱ्यावर सराची खोली वेगळी, आणि मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक, नावापुरती नव्हे, त्याच मजल्यावर राहणारी. जून २०२२ मध्ये स्लोव्हेनियातल्या सराव शिबिरातून एका महिला सायकलपटूने प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली, त्यानंतर कुठे भारतीय क्रीडा प्राधिकरणाने महिला खेळाडूंच्या पथकासोबत महिला प्रशिक्षक सक्तीची केली. आपल्या जिल्हा संघासोबत मात्र अजूनही कोणाची तरी मावशी ‘मॅनेजर’ म्हणून कागदावर जाते. शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती स्थापन करण्याचा शासन निर्णय २०२२ चा आहे. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात सुरक्षित क्रीडा धोरण आलं आहे. पण पहिला निर्णय शाळेच्या फाटकापाशी थांबतो आणि दुसरा कायदा राष्ट्रीय संघटनांपासून सुरू होतो. मधे जो टर्फ भाड्याने घेऊन बॅनर लावतो आणि दुसऱ्या दिवशी साठ मुलं गोळा करतो, त्याच्यापर्यंत दोघांतलं कोणीच पोचत नाही.

एवढं सगळं मागितलं तर स्पर्धा भरवणार कोण, हा आक्षेप ठरलेला आहे, आणि त्यात थोडं तथ्य आहे. एका क्रीडाशिक्षकाच्या गळ्यात साठ पोरं, दोन गणवेश वाटप, निवडणुकीचं काम आणि वर हे हमीपत्र घातलं तर तो कागद भरेल आणि मैदानाकडे पाठ फिरवेल. काही घडलं की त्यालाच निलंबित करायचं, ही सोय तर आपल्याला पाठच आहे. म्हणून सही त्याची नको. सही हवी ती ज्याच्या हातात पैसा आणि परवानगी आहे त्याची: संस्थेचा सचिव, मुख्याध्यापक, अकादमीचा मालक. ज्याला चार हजारांची ताडपत्री आणि बर्फ मंजूर करता येत नाही त्याने एप्रिलमध्ये शिबिर लावू नये. याने चार स्पर्धा बंद पडल्या तर पडू द्याव्यात, त्या चार कोणत्या असतील याचा अंदाज मैदानावरच्या कोणालाही आहे. दुसरा आक्षेप असा की मुलं नाजूक होतील. ज्या मुलाने वेळीच पाठ सांभाळली आणि मग चार हंगाम वेगाने गोलंदाजी केली तो नाजूक, की ज्याने पंधराव्या वर्षी दुखत्या पाठीने अंतिम सामना जिंकून दिला आणि सोळाव्या वर्षी लेगस्पिन टाकायला लागला तो?

नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. शालेय स्पर्धांच्या प्रवेशिका जिल्हा क्रीडा कार्यालयातून जातात, महापालिकेची मैदानं परवानगीपत्राशिवाय मिळत नाहीत, संघटनांच्या स्पर्धांना राज्य संघटनेची मान्यता लागते. या तीन ठिकाणी दोन पानं जोडायची. मैदानाच्या तपासणीची तारीख, षटकांचं किंवा वजनाचं त्या त्या खेळाचं बंधन, सामना थांबवण्याचा हक्क कोणाला, गेटची किल्ली कोणाकडे, प्रशिक्षकांच्या पोलीस पडताळणीच्या तारखा, आणि तक्रार ऐकायला संस्थेच्या बाहेरची एक व्यक्ती, तिच्या फोन नंबरासह, शेजारी मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ आणि तातडीच्या मदतीचा ११२. हे सरावालाही लागू, असं शेवटी एका ओळीत. त्याच स्पर्धेच्या लाउडस्पीकरसाठी आयोजक आज पोलीस ठाण्यात अर्ज करतो, आवाज किती वाजेपर्यंत राहील ते लिहून देतो आणि शिक्का मारून घेतो. शालेय स्पर्धांच्या पुढच्या अर्जांना ही दोन पानंही जोडता येतील.